यंत्र क्रमांक सात, जळक्या झाडाखाली

धुक्यात जाळं दिसत नाही. त्याचा धागा केसाहून बारीक असतो, आणि रंग धुक्याचाच.

०

मोजणीदाराचं एक पाऊल बरोबर चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. उतारावर सत्तर.

०

एका श्रोत्याचा अभिप्राय, सकाळी आठला टाकलेला: "पक्षी अप्रतिम! आणि शेवटी बोलणाऱ्या बाईंचा आवाजही गोड आहे." त्यावर चौघांनी अंगठा उमटवला. उत्तर कुणी दिलं नाही.

०

कानवालीला स्वतःचा आवाज ऐकवत नसे. ध्वनिमुद्रणात तो आला, की ती हेडफोन काढून गळ्यात टाकायची आणि चहा ओतून घ्यायला उठायची.

०

दलदलीत सापडलेल्या माणसाने हालचाल करू नये, असं सगळेच सांगतात. सांगणारे बाहेर उभे असतात.

०

आता मोहीम.

सांगायला ती सोपी होती. दरीत उतरायचं, जळक्या झाडाला बांधलेल्या यंत्राचं कार्ड काढायचं, नवं घालायचं, वर यायचं. दोन दिवस जायला, दोन यायला. माणसं तीन. पहिली कानवाली, रानातले आवाज टिपणं हे तिचं काम, आणि पानांच्या सळसळीतून वाऱ्याची दिशा सांगते म्हणून लोकांनी तिला हे नाव चिकटवलेलं. दुसरा तिचा धाकटा दीर, ज्याला ती भाऊजी म्हणे. तिसरे निवृत्त मोजणीदार. तरुणपणी त्यांनी ही दरी पावलांनी मोजली होती, आणि अजून ती त्यांना पाठ होती.

भाऊजींचं राज्य सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. खाली हातोडी चालायची, वर पंखे घोंघावायचे. आतल्या खोलीत यंत्रांची मांडणी, खिडकीला घोंगडी ठोकलेली, आणि दारावर भाऊजींनी स्वतःच्या हाताने रंगवलेली ओळ: 'फुकट, सगळ्यांसाठी, जसंच्या तसं.' वहिनीने रानातून आणलेले आवाज ते त्यांच्या संकेतस्थळावर चढवत. जगभरातून एक्केचाळीस हजार माणसं घरबसल्या ते ऐकत आणि कुठल्या सेकंदाला कोण बोललं ते लिहून पाठवत. कुणी शाळेतले मास्तर, कुणी अंथरुणाला खिळलेली बाई, कुणी जहाजावरचा आचारी.

सहा आठवड्यांपूर्वी, यंत्र क्रमांक सात जळक्या झाडाला बांधता बांधता, कानवालीने हातातल्या मायक्रोफोनवर घुम्या टिपला होता. घुम्या म्हणजे मुठीएवढा तपकिरी पक्षी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा तीनदा घुमतो, आणि मग ओल्या काचेवर अंगठा घासावा तसा एक बारीक आवाज काढतो. तीस वर्षांत त्याची नोंद नव्हती. पुस्तकांनी त्याच्या नावापुढे फुली मारून टाकली होती. भाऊजींनी त्या नऊ मिनिटांच्या फाइलला पहिल्या पानावर बसवलं, आणि एक्केचाळीस हजार माणसं खुळावली.

मग त्या अंथरुणाला खिळलेल्या बाईने लिहिलं: "चौथ्या मिनिटाला मागे दुसरा एक आवाज आहे. फार बारीक. मादी तर नव्हे?"

प्रश्न तेवढाच होता. जोडी असेल तर जात जगली. नसेल तर तो पक्षी म्हणजे दिवा विझण्याआधीची शेवटची वात. उत्तर क्रमांक सातच्या कार्डात होतं. ते यंत्र रोज पहाटे आपलं आपण चालू होऊन तासभर ऐकत बसायचं. भाऊजींनी तर जाहीरच करून टाकलं होतं: येत्या रविवारी, सगळ्यांसाठी!

"भाऊजी, आधी अंडं घालू द्या, मग बारसं करा," कानवाली म्हणाली होती.

"वहिनी, लोकं वाट बघतायत."

"आणि जागा? जागा कळली तर?"

"नकाशावर मी चाळीस किलोमीटरचं वर्तुळ टाकलंय. आमच्या नकाशातून मुंगीलासुद्धा पत्ता सापडायचा नाही."

०

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते दरीच्या तळाशी पोचले, आणि जग नाहीसं झालं.

असं धुकं कानवालीने पाहिलं नव्हतं. ते हलत नव्हतं. हात लांब केला तर मनगटापाशी संपायचा. झाडं पुढ्यात आल्यावरच झाडं व्हायची. तोवर नुसते गडद डाग. पायाखालची माती वरून टणक आणि आतून पोकळ वाटत होती, जणू एखाद्या मोठ्या पिंपाच्या झाकणावरून चालावं. आणि आवाज! धुक्यात आवाजाला घर राहत नाही. थेंब कानाशी पडायचा आणि लांब कुठेतरी वाजायचा.

"तीन दगडांचा ओढा," मोजणीदार म्हणाले. "ओलांडा. आता उजव्या काठाने पाचशे पावलं. डावीकडे जमीन आहे. उजवीकडे जी हिरवळ दिसते ती जमीन नव्हे. तिथे आमची एक अख्खी तिपाई गेली होती. परत मागितली नाही."

"काका, तिपाईच ना? माणूस नाही ना?"

"माणूस माझ्या वहीत नाही," मोजणीदार म्हणाले, आणि मोजायला लागले.

चारशे अठ्ठ्याण्णवाव्या पावलाला जळकं झाड समोर आलं. काळं, फांद्या नसलेलं. त्याच्या बुंध्यावर पट्ट्याचा ओरखडा होता, आणि पट्ट्याचं एक टोक लोंबत होतं.

यंत्र नव्हतं.

कानवालीने ते टोक बोटांत धरलं. जनावराने कुरतडलेलं नव्हतं. सुरीने कापलेलं, सरळ.

"खाली पडलं असेल," भाऊजी म्हणाले. "मी जरा भोवताली बघतो. वीस पावलांच्या पुढे नाही जात. दर मिनिटाला 'ओ' देतो."

"द्या म्हणजे झालं."

ते धुक्यात शिरले. एक 'ओ' आली. दुसरी आली.

आणि तेवढ्यात घुम्या बोलला!

तीन घुमारे. मग ओल्या काचेवरचा अंगठा.  कानवालीने मायक्रोफोन उचलला, यंत्र चालू केलं आणि जीभ टाळूवर दोनदा वाजवली. ही त्यांची खूण होती: मुद्रण सुरू, कुणीही आवाज करायचा नाही. दहा वर्षांत भाऊजींनी ही खूण एकदाही मोडली नव्हती. एकदा तर गांधीलमाशी चावली तरी ते तोंड दाबून उभे राहिले होते.

म्हणून तिसरी 'ओ' आली नाही.

घुम्या पुन्हा बोलला. तीन घुमारे, दुसऱ्या घुमाऱ्यानंतर एक थेंब, टप्, मग काच. थोडी शांतता. पुन्हा तीन घुमारे, दुसऱ्यानंतर थेंब, टप्, काच. आता तोच आवाज डावीकडूनही आला. आणि मागूनही. तिन्हीकडे दुसऱ्या घुमाऱ्यानंतर तोच थेंब.

 पक्षी एकच ओळ दोनदा सारखी म्हणत नाही. आणि तीन ठिकाणी तोच थेंब कसा पडेल?

पक्षी थांबला. काही क्षण नुसतं रान होतं.

मग धुक्यातून, पंचवीसेक हातांवरून, एक बाई शांतपणे बोलली:

"यंत्र क्रमांक सात. तीन दगडांचा ओढा ओलांडून, उजव्या काठाने, पाचशे पावलांवर, जळक्या झाडाखाली. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. धुकं. वारा नाही."

मोजणीदारांनी कानवालीच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

"बाई," ते कुजबुजले, "तुम्ही बोललात?"

तिने मान हलवली. नाही.

"मग कोण बोललं?"

"मीच," ती म्हणाली.

०

"वहिनी!" उजवीकडून हाक आली. लांबून. वीस पावलांहून खूप लांबून. "आलो! तिथेच थांबा, आलो!"

"भाऊजी, जाऊ नका! ती मी नव्हे!"

पण धुक्याने तिची हाक कुठच्या कुठे नेऊन टाकली. आणि त्याच वेळी ती दुसरी, शांत, न घाबरलेली बाई पुन्हा म्हणाली: "उजव्या काठाने."

छप्प! मग काहीतरी जड, ओलं, आत ओढून घेतल्यासारखं. मग किंकाळी.

कानवाली धावली. मोजणीदारांनी तिचा दंड पकडला. "धावायचं नाही! माझ्या पावलात पाऊल!"

"वहिनी! मांडीपर्यंत गेलोय!"

"यंत्र क्रमांक सात," बाई म्हणाली.

"अहो, सात राहू द्या! मी बुडतोय!"

"पाचशे पावलांवर, जळक्या झाडाखाली."

कानवालीचाच आवाज बुडत्या माणसाला पत्ता सांगत होता. ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "भाऊजी! समोरचा आवाज खोटा आहे! माझ्या बाजूला वळा!"

"तुमची बाजू कुठली? दोघी तुम्हीच आहात! खरी कोण?"

"गेल्या महिन्यात माझा मायक्रोफोन बादलीत पाडलात आणि नाव मांजरीवर घातलंत, ती मी!"



"हीच खरी!" भाऊजी रडकुंडीला येऊन म्हणाले. "वहिनी, इकडे!"

ते कमरेपर्यंत गेले होते. हिरव्या गवताच्या सपाट तुकड्यात अर्धा माणूस उभा, दोन्ही हात वर. मोजणीदारांनी पाठीवरच्या झोपायच्या चटया एकापुढे एक टाकल्या. कानवाली पोटावर आडवी झाली. सरकली. चटईखालची जमीन पोट हलावं तशी हलली. आणखी हातभर. बोटं पोचेनात. तिने मायक्रोफोनची लांब काठी पुढे केली. "धरा! ओढू नका, नुसती धरा!" दोरी काठीवरून पुढे गेली. काखेतून गाठ. मोजणीदारांनी दुसरं टोक झाडाला वेढलं आणि पाय रोवले.

"आडवे व्हा, साहेब! पोहतोय असं समजा!"

"मला पोहता येत नाही!"

"मग समजूच नका, नुसते व्हा!"

एक बूट चिखलाने ठेवून घेतला. माणूस परत दिला.

०

फाइलचा शेवट, भाऊजींच्या फोनवर, काठावर बसून तिघांनी ऐकला तो असा:

आठ मिनिटं पाच सेकंद. घुम्या थांबतो.
आठ मिनिटं दहा सेकंद ते आठ मिनिटं पन्नास. काही नाही. पानांवरचे थेंब.
आठ मिनिटं एक्कावन्न. कानवालीचा आवाज. यंत्राचा क्रमांक. वाट. झाड. वेळ. हवा.

रानातले आवाज टिपणारे सगळेच असं करतात. पक्षी उडून जाईल म्हणून आधी बोलायचं नाही. पक्षी गप्प झाला की शेवटी हलक्या आवाजात जागा सांगून ठेवायची, नाहीतर घरी आल्यावर कुठला आवाज कुठला ते कळत नाही. कानवालीने तेच केलं. घरी मात्र तो भाग ऐकला नाही, कारण स्वतःचा आवाज तिला सोसत नव्हता. आणि भाऊजींनी शेवट कापला नाही, कारण दारावर लिहिलं होतं: जसंच्या तसं. मधली चाळीस सेकंदांची शांतता ऐकून त्यांना वाटलं होतं, संपलं.

"मी नकाशावर वर्तुळ काढत बसलो," भाऊजी म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "चाळीस किलोमीटरचं."

"आणि मी पावलं सांगून ठेवली." कानवाली उठली. "किती जणांनी उतरवून घेतलीय ही फाइल?"

"एकसष्ट."

"त्यातला एक इथे आहे."

०

पहिला स्पीकर बावीस पावलांवर मिळाला. मुठीएवढा डबा, फांदीला तारेने बांधलेला, हिरवा दिवा लुकलुकणारा. मोजणीदार त्याच्याकडे वळले आणि जागीच थांबले. त्यांच्या तोंडावर, नाकावर, टोपीवर काहीतरी चिकटलं होतं. दिसत काहीच नव्हतं. त्यांनी बोट लावलं तेव्हा धुक्यातच एक बारीक रेघ हलली, आणि तिच्यामागे शंभर.

जाळं होतं. दोन झाडांच्या मध्ये ताणलेलं, जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत. त्यात दोन छोटे पक्षी उलटे लटकत होते. घुम्ये नव्हते. पकडणाऱ्याच्या कामाचे नाहीत म्हणून सोडवायचे राहून गेलेले. एक अजून गरम होता.

"हे नराला खिजवण्याचं काम आहे," कानवाली म्हणाली. "त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा शिरला. तो भांडायला येतो, आणि..."

ती बोलायची थांबली.

घुम्या बोलला होता. तीन घुमारे. दुसऱ्यानंतर थेंब नाही. तिसरा थोडा तुटका, दम लागल्यासारखा. मग काच.

"हा खरा!" ती म्हणाली. "आणि तो येतोय!"

आता बोलायला वेळ नव्हता. तिने डोळे मिटले. धुक्यात डोळ्यांचा तसाही उपयोग नव्हता. "काका, तुमच्या डाव्या खांद्यावर, दहा पावलं!" मोजणीदारांनी तार तोडली. एक बंद! "भाऊजी, खाली, दगडामागे!" एका बुटावर भाऊजी लंगडत गेले. दोन! तिसरा वेलीत होता. चौथा पाण्याच्या कडेला. प्रत्येक डबा तिचाच आवाज बोलत होता, कुणी "सात" वर, कुणी "झाडाखाली" वर, कुणी "वारा नाही" वर, आणि प्रत्येक डबा बंद होताना तिला आपलाच गळा आवळल्यासारखं होत होतं. पाचवा! खरा पक्षी आता अगदी जवळ, रागाने, श्वासही न घेता घुमत होता.

सहावा कुठे? समोर. लव्हाळ्यांच्या पलीकडे.

आणि तिथेच, तिच्या पुढ्यात, हवेत काहीतरी धप्पकन आपटलं आणि फडफडलं.

तिने जाळ्यात हात घातला. पंख, धागे, एक चोच, पुन्हा धागे. घाई केली तर पंख मोडेल. आधी पाय, मग पोट, मग मान. हा क्रम हातांना माहीत होता.  शेवटचा धागा सुटला. घुम्या तिच्या मुठीत होता. मुठीएवढाच, आणि मुठीच्या आत एक हृदय इतकं वेगाने चाललं होतं की ठोके वेगळे मोजता येईनात.

सहावा स्पीकर बोलतच होता. "यंत्र क्रमांक सात. तीन दगडांचा ओढा..."

आणि मधेच थांबला.

बॅटरी संपल्यावर आवाज घसरत जातो, खरखरतो. हा तसा थांबला नाही. कुणीतरी बटण दाबल्यासारखा थांबला.

तिघेही हलले नाहीत. लव्हाळ्यांच्या पलीकडे, दहा-बारा हातांवर, कुणीतरी उभं होतं आणि ऐकत होतं. दिसत नव्हतं. पण कानवालीने आयुष्यभर न दिसणाऱ्या गोष्टी ऐकल्या होत्या, आणि ऐकणाऱ्या माणसाची शांतता कशी असते ते तिला पक्कं माहीत होतं. ती रिकामी नसते.

"इथवर माझ्या आवाजाने आणलं ना तुम्हाला?" ती धुक्याला म्हणाली. "आता माझाच आवाज सांगतोय. निघा."

 मोजणीदारांनी सुरी उघडली, तिचा खटका वाजला. भाऊजींनी एक दगड उचलला.

मग चिखलातून पाऊल उपसल्याचा आवाज. एक. दुसरा. लांब जाणारा. मोजणीदार ओठांतल्या ओठांत मोजत होते. चाळिसाला ते थांबले. "गेला."

कानवालीने मूठ उघडली. घुम्या क्षणभर बसून राहिला, मग जमिनीलगत सरळ धुक्यात शिरला. काही वेळ नुसते थेंब. आणि मग तीन घुमारे, तुटके, दमलेले. आणि त्यांच्या अंगावरच, अगदी बारीक, दुसरा आवाज. उत्तर देणारा. आणि त्याच्याखाली, लव्हाळ्यांच्या मुळाशी कुठेतरी, आणखी दोन-तीन किरकिरे, अर्धवट, भुकेले आवाज.

भाऊजींनी तोंडावर हात ठेवला. डोळे पुसले की चिखल, ते सांगता येणार नाही.

"वहिनी," ते कुजबुजले, "यंत्र चालू आहे ना?"

तिच्या गळ्यातल्या यंत्राचा लाल दिवा जळत होता. पहिल्या घुमाऱ्यापासून तो जळतच होता.

०

दुपारी धुकं विरळ झालं. सात जाळी गोळा झाली. एका सपाट दगडावर त्या पळालेल्या माणसाची किटली होती. शेजारी यंत्र क्रमांक सात, झाकण उघडलेलं, कार्ड काढून घेतलेलं. आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद. त्यावर वळणदार अक्षरात, शाळेतल्या शुद्धलेखनासारखं, तिचं वाक्य शब्दशः उतरवलेलं. 'जळक्या झाडाखाली' याला दोन रेघा.

मोजणीदार परत आले नाहीत. "माझी पेन्शन घरी काय करतेय?" म्हणाले. रानरक्षकांची तुकडी पोचेपर्यंत आणि नंतरही, पिल्लं उडेपर्यंत, ते तीन दगडांच्या ओढ्यावर तंबू ठोकून बसले.

रविवार आला. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत भाऊजी पडद्यासमोर बसले. कानवालीच्या गळ्यातल्या यंत्राचं कार्ड त्यांच्या हातात होतं. जगात कुणी ऐकलं नव्हतं ते त्यात होतं.

"शेवट कापून टाकू," ते म्हणाले. "मी स्वतः दहादा ऐकतो. जागेचा शब्दही राहणार नाही."

"जाळी लावणाऱ्याला जागा माहीत आहे. त्याला नवा आवाज हवाय. मादीचा, पिल्लांचा. नर जाळ्याला आता फसणार नाही, पण पिल्लू ओरडलं तर बाप येईलच." कानवालीने हात पुढे केला. "आणा ते."

"एक्केचाळीस हजार माणसं, वहिनी. काय सांगू त्यांना?"

"झालं ते सांगा. पत्ता आपणच दिला, हेही. आणि जोडी आहे, हे सांगा. आवाज देणार नाही."

त्यांनी तसंच लिहिलं. जुनी फाइल उतरवली. एकसष्ट प्रती मात्र परत येणाऱ्या नव्हत्या. चार दिवसांत साडेतीन हजार माणसं नावं काढून गेली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी जाताना शिव्या लिहून ठेवल्या. अंथरुणाला खिळलेल्या बाईने एकच ओळ लिहिली: "मला वाटलंच होतं, ती मादी आहे."

घुम्या कानवालीने पहिल्यांदा ऐकला तो या सगळ्याच्या आदल्या वर्षी, त्याच दरीतून एकटी परतताना. यंत्र पिशवीत होतं, आणि तिने ते बाहेर काढलं नव्हतं.